गणपतीनंतरचं काही दिसत नाही

नोकरीच्या सव्वीस वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "हा आवाज कधीपासून येतोय?" आणि सर्वांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर म्हणजे, "कुठला आवाज?"

आवाज म्हणजे टीं, टीं, टीं. सर्व्हरच्या पोटातून येणारा, न थकणारा. दादरच्या एका साडीच्या दुकानात तो तीन महिने चालू होता. मालकांना वाटत होतं की तो शेजारच्या घड्याळवाल्याकडून येतोय, आणि त्याच्याशी ते दोनदा भांडूनही आले होते. गिरगावात एका वकिलांनी सर्व्हरवर गोधडी घातली होती. मी गोधडी काढली तेव्हा म्हणाले, "आता बराच कमी झालाय." त्यांच्या दोन डिस्कपैकी एक मेलेली होती आणि दुसरी गोधडीखाली उकडून निघत होती.

ज्यांनी सर्व्हर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं लिखाण जिथे एकत्र साठतं ते मशीन म्हणजे सर्व्हर. साठतं ते डिस्कवर. डिस्क ही फिरणारी वस्तू आहे आणि फिरणारी वस्तू कधी ना कधी थांबते. म्हणून एकाऐवजी दोन डिस्क बसवायच्या आणि पहिलीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहायचं. याला मिररिंग म्हणतात. हे काम आतलं एक कार्ड करतं, त्याचं नाव कंट्रोलर. एक डिस्क गेली की कंट्रोलर दुसरीवर काम चालू ठेवतो आणि टीं टीं करून सांगत राहतो की आता एकच उरली आहे. मग कोणीतरी येऊन नवी डिस्क लावायची आणि जिवंत डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून घ्यायचं. या उतरवण्याला रीबिल्ड म्हणतात. ते येणारं कोणीतरी म्हणजे मी.

मशीन चालू होताना पडद्यावर चार-पाच सेकंद एक ओळ येते. तेवढ्यात दोन कळा एकदम दाबल्या तर कंट्रोलरचा स्वतःचा निळा पडदा उघडतो. तिथे माऊस चालत नाही, चित्रं नाहीत. डिस्कची यादी असते आणि समोर त्यांची तब्येत. सगळं ठीक असेल तर 'ऑप्टिमल'. एक गेली असेल तर 'डिग्रेडेड', म्हणजे लंगडत का होईना चालू. रीबिल्ड सुरू केला की एक टक्का, दोन टक्के असं दिसायला लागतं. ते शंभर होईपर्यंत खुर्चीत बसून राहणं हा माझ्या कामाचा मोठा भाग होता. लोकांना वाटायचं, बाई नुसती बसली आहे. त्यांचं चुकत नव्हतं.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणणारे. संप झाला तेव्हा मी सातवीत होते. तो कधी संपला हे आमच्या घरात कोणी सांगू शकत नाही, कारण संपला असं कोणी जाहीरच केलं नाही. गिरणी काही उघडली नाही. वडील फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्टमन झाले. चौथ्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता. वर-खाली करताना वडिलांनी क्लासच्या सरांना वर्षभर माझ्याबद्दल सांगितलं, आणि शेवटी सरांनी मला अर्ध्या फीत घेतलं. लिफ्टमधून उतरायची दुसरी सोय नव्हती, असं सर नंतर म्हणायचे.

मिररिंग मी वडिलांनाही समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे एक काम करते आणि दुसरी नुसती बघते?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा, दोन्ही तेच काम करतात."

"एकाच कामाला दोघी?"

"हो."

"आम्हाला एका माणसाला चार साचे देत होते," ते म्हणाले. "तुमच्याकडे मालकानं हे कबूल कसं केलं?"

मी ग्रँट रोडच्या एका लहान कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. मालकांचं नाव कर्णिक. गिऱ्हाइकाकडे पोचले की पहिली दहा मिनिटं लोक मला बसवून ठेवत आणि इंजिनिअर कधी येणार असं विचारत. मी हत्यारांची पिशवी उघडली की विषय मिटायचा. काम मला येत होतं. हे सांगायचं कारण, जी गोष्ट सांगणार आहे ती मला काम येत होतं तेव्हाची आहे. नवशिकी असताना मी अशी चूक केली नसती. तेव्हा मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघायचे.

गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उठायला लागले होते आणि जुन्या गिरणी कामगारांना सोडतीनं घरं मिळणार असं ठरलं होतं. पण घर हवं तर तुम्ही गिरणीत होतात हे सिद्ध करायला हवं. ज्या गिरण्या पाडून झाल्या होत्या त्यांच्यात आपण होतो, हे लोकांनी पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या दाखवून सिद्ध करायचं होतं. परळला व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत कामगारांचीच एक छोटी संस्था हे काम करायची. कामगार किंवा त्याची बायको पिशवीतून कागद घेऊन येई: गिरणीचं तिकीट, म्हणजे हजेरीचा बिल्ला किंवा कार्ड, फंडाची पावती, रजेची चिठ्ठी. संस्था ते कागद स्कॅन करून त्यांचे फोटो सर्व्हरवर ठेवी, अर्ज तयार करी, आणि गठ्ठ्यागठ्ठ्यानं सरकारी कचेरीत पाठवी. कागद माणसाला परत. सर्व्हर कोणा बँकेनं टाकून दिलेला होता. त्याची देखभाल आमच्या कंपनीकडे होती.

खोलीचा कारभार भास्कर सावंत बघत. मी त्यांना सावंतकाका म्हणायचे. ते गिरणीत हजेरी कारकून होते. चौदाशे माणसांची तिकिटं त्यांना नंबरासकट पाठ होती, आणि ती पाठ होती म्हणून त्यांचा स्वतःच्या डोक्याखेरीज कशावर विश्वास नव्हता. सर्व्हर आला तरी प्रत्येक अर्जाची नोंद ते लांबट वहीत हातानं करत: नाव, गिरणी, खातं, तिकीट नंबर, तारीख. मी एकदा म्हटलं, हे सगळं मशीनमध्ये आहे की. ते म्हणाले, "मशीनमध्ये राहू दे. इथंही राहू दे."

एप्रिलमध्ये त्यांचा सकाळी फोन आला. खोलीला रंग काढला होता. रंगाऱ्यांनी सर्व्हर हलवताना तो हलका व्हावा म्हणून दोन्ही डिस्क खेचून बाहेर काढल्या होत्या आणि परत बसवताना अदलाबदल केली होती. मशीन सुरू होईना.

मी गेले. जिन्यावर पंधरा-वीस माणसं बसलेली. मे अखेर अर्जांची मुदत होती. मी निळा पडदा उघडला. कंट्रोलर गोंधळलेला होता. दोन डिस्क दिसत होत्या, पण त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. खरी कोणती ते तुम्ही सांगा, असा त्याचा प्रश्न होता. मी जिला खरी म्हणेन तिच्यावरचं सगळं तो दुसरीवर उतरवणार होता आणि दुसरीवर आधी जे असेल ते पुसलं जाणार होतं.

एका डिस्कवर चुकांचा आकडा शून्य होता. दुसरीवर सदतीस. सदतीस म्हणजे ती म्हातारी झाली होती, थोड्या दिवसांची सोबती. कोणीही शून्यवाली निवडली असती. मी निवडली. आणखी एक कळ दाबली असती तर कंट्रोलरची रोजनिशी उघडली असती, आणि कुठल्या डिस्कवर शेवटचं कधी लिहिलं गेलं ते दिसलं असतं. ती कळ मी दाबली नाही. गिरगावात दुसरं गिऱ्हाईक थांबलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला खात्री होती.

रीबिल्डला तीन तास लागले. सावंतकाकांनी चहा मागवला. टक्के वाढत होते तोवर त्यांनी मला बदली कामगार म्हणजे काय ते सांगितलं: रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, सगळे आले तर घरी. मी त्यांना सांगितलं की मोठ्या कंपन्यांत अशी तिसरी डिस्कही लावून ठेवतात, रिकामी बसलेली, एखादी मेली की तिची जागा घ्यायला. ते म्हणाले, "तिला तरी रोज आत बसू देतात." शंभर टक्के झाले. पडद्यावर 'ऑप्टिमल' आलं. मशीन नीट सुरू झालं. जिन्यावरची माणसं आत आली. मी गिरगावला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"मंगलाबाई, गणपतीनंतरचं काही दिसत नाहीये."

मला खुर्चीत बसल्या जागी समजलं. शून्यवाली डिस्क गणपतीच्या सुमाराला बाद झाली होती. का, कोण जाणे. धक्का लागला असेल, वायर सैल झाली असेल. तेव्हापासून तिच्यावर काहीच लिहिलं गेलं नव्हतं. सात महिने बिछान्यावर पडून राहिलेल्या माणसाच्या चपला झिजणार कशा? म्हणून चुका शून्य. सदतीसवाली म्हातारी सात महिने एकटी सगळं काम करत होती, आणि मी तिच्यावर जुनं उतरवून सगळं पुसून टाकलं होतं. पुसलेलं परत आणता येतं असं काही जण सांगतात. एक फाइल चुकून उडवली तर येतं. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत नवं लिहिलेलं असेल तर येत नाही. मी तीन तास बसून ते व्यवस्थित लिहून घेतलं होतं.

गणपतीनंतरचे अर्ज अजून कचेरीत गेलेले नव्हते. काकांच्या वहीत मोजले. चारशे सव्वीस.

कर्णिकसाहेबांना मी खरं ते सांगितलं. ते माणूस वाईट नव्हते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मंगल, रिपोर्टात डिस्क निकामी झाली असं लिही. डिस्क निकामी होतातच. त्यांना काय कळणार आहे?"

मी लिहिलं. 'डिस्क निकामी झाल्यामुळे माहिती नष्ट.' माझ्याच अक्षरात. संस्थेत जाऊन सावंतकाकांसमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, "मशीनच ते," एवढंच म्हणाले आणि सही केली. मला वाटत होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत, उलट माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला ते तेव्हा विचित्र वाटलं. पण मी स्वतःच त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, त्यामुळे फार विचार केला नाही.

दोन दिवसांनी सदतीसवालीच्या जागी लावायला नवी डिस्क घेऊन परत गेले तर काकांसमोर एक बाई बसल्या होत्या. साठीच्या, काठापदराचं लुगडं, मांडीवर रिकामी पिशवी. इंदुमती घाडी. नवरा शांताराम घाडी गिरणीच्या त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होता. संपानंतर तो मुंबईत मिळेल ते काम करत राहिला आणि बाई मुलींना घेऊन कणकवलीजवळच्या गावी. तो वारून बरीच वर्षं झाली होती. दिवाळीत त्या मुंबईला आल्या, नवऱ्याचे कागद संस्थेत देऊन स्कॅन करून घेतले आणि परत घेऊन गेल्या. आता काकांनी फोन करून पुन्हा बोलावलं होतं.

"कागद माझ्याकडे नाहीत," त्या म्हणाल्या. "दिराकडे दिले होते. प्लास्टिकात घालून आणतो म्हणाला. आता म्हणतो हरवले. म्हणून तर मी निश्चिंत होते, तुमच्याकडे फोटो आहेत म्हणून."

"फोटो गेले, वहिनी," काका म्हणाले.

"गेले म्हणजे खंय गेले?"

"मशीन बिघडलं."

बाईंनी मशीनकडे बघितलं. ते नव्या रंगाच्या भिंतीपाशी हिरवा दिवा लावून शांतपणे चालू होतं.

"बिघडलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

मी दारात उभी होते, हातात नवी डिस्क. मी काही फार धीट नाही. पण खोटं बोलणाऱ्या माणसाचं तोंड काकांचं होतं आणि खोटं माझं होतं, हे मला सहन होईना.

"मशीन नाही बिघडलं, मावशी," मी म्हटलं. "मी चुकले. जुनं नव्यावर लिहिलं. एक गोष्ट बघायची होती, ती बघितली नाही."

खालून व्यायामशाळेतली वजनं जमिनीवर ठेवल्याचा आवाज येत होता. मग सावंतकाकांनी पेनाचं टोपण लावलं.

"गणपतीच्या आधी दोन दिवस ते वाजायला लागलं होतं," ते म्हणाले. "टीं टीं. माणसं बोलता बोलता थांबायची, त्यांना वाटायचं आपला नंबर आला. पडद्यावर आवाज बंद करायचं बटण होतं. मी दाबलं. तुला फोन करायचा होता. मग गणपती आले. तू रिपोर्ट आणलास तेव्हा मला वाटलं, तुला कळलंय आणि तू मला वाचवतेयस."

मी खुर्ची ओढून बसले. दोन दिवस आम्ही दोघंही एकमेकांच्या उपकाराखाली वावरत होतो.

इंदूमावशींनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात भाव ऐकून घ्यावा तसं त्यांनी ऐकून घेतलं होतं.

"दोघांचा सांगून झाला?" त्या म्हणाल्या. "मगे आता माझ्या कागदांचा बघा."

मी काकांकडून तो रिपोर्ट मागून घेतला, ती ओळ खोडली, खाली काय झालं ते लिहिलं आणि सही केली. कर्णिकसाहेबांनी तो वाचून टेबलाच्या खणात ठेवला. पुढचे सहा महिने त्यांनी मला सर्व्हरला हात लावू दिला नाही. मी प्रिंटर जोडत फिरले. मला तक्रार करायला जागा नव्हती आणि मी केलीही नाही.

पण रविवार माझे होते. काकांची वही होती म्हणून चारशे सव्वीस माणसं कोण हे तरी आम्हाला माहीत होतं. वही नसती तर नेमकं काय हरवलं हेसुद्धा आम्हाला कळलं नसतं. मी फोन करायचे, काका स्कॅन करायचे. बहुतेक लोक आले. कोणी नालासोपाऱ्याहून, कोणी बदलापूरहून, मुलाच्या नाहीतर जावयाच्या मागे मोटरसायकलवर बसून. कुरकुर केली, पण आले. एका बाईंनी मला विचारलं, "परत पुसणार नाहीस ना?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग ठीक." एका गृहस्थांनी कागद हातात द्यायला नकार दिला, स्वतः काचेवर ठेवले, स्वतः झाकण लावलं, आणि काम होईपर्यंत झाकणावर तळहात दाबून उभे राहिले.

इंदूमावशींचं मात्र घोडं तिथेच अडलं होतं. दीर दत्ताराम वरळीला बीडीडी चाळीत राहायचा. तो म्हणत होता, कागद हरवले. गिरणीच्या जागी खड्डा होता.

मेच्या दुसऱ्या रविवारी काका वहीतून नवरा-बायकोच्या नावांची खात्री करत होते. मावशींच्या नोंदीपाशी आले आणि थांबले. "हा नंबर मी याआधी लिहिलाय," ते म्हणाले. मी म्हटलं, काका, चौदाशे नंबर तुम्हाला पाठ आहेत, सगळेच ओळखीचे वाटत असतील. ते म्हणाले, "हा आमच्या गिरणीचा नाही. दुसऱ्या गिरणीचा आहे. म्हणूनच म्हणतो, मी लिहिलाय." त्यांनी कपाटातून आदल्या वर्षीची वही काढली आणि एक एक पान बोटानं खाली उतरत गेले. अर्धा तास लागला. शिमग्याच्या महिन्यातली नोंद. तिकीट नंबर तोच, खातं तेच, कामगार शांताराम घाडी. अर्जदार दत्ताराम घाडी, भाऊ.

शिमगा म्हणजे गणपतीच्या आधी. म्हणजे ती फाइल माझ्या शून्यवाल्या डिस्कवर होती. आता दोन्ही डिस्कवर होती.

मी ती उघडली. तिकीट होतं, फंडाची पावती होती, रजेच्या दोन चिठ्ठ्या होत्या. सगळं स्वच्छ वाचता येत होतं. नवऱ्याच्या मागे मुंबईतल्या खोलीत राहिलेले कागद दत्तारामनं आधी स्वतः आणून स्कॅन केले होते. मग दिवाळीत बाई आल्या तेव्हा मागितले म्हणून दिले, आणि प्लास्टिकच्या निमित्तानं परत घेतले. शेवटी त्याचं स्टँप पेपरवरचं निवेदन होतं. माझा भाऊ शांताराम हा अविवाहित वारला असून मी त्याचा एकमेव वारस आहे.

मावशी चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन ती ओळ अक्षर लावून वाचली. मग मागे सरून बसल्या.

"माझ्या लग्नात लाडू वाढत होता तो," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "वहिनी, एका तिकिटावर दोन अर्ज गेले तर कचेरीवाले दोन्ही बाद करतात. त्याला बोलवायला पाहिजे."

दत्ताराम पुढच्या रविवारी आला. मला वाटलं होतं कोणी पोचलेला माणूस असेल. आला तो सत्तरीकडे झुकलेला, इस्त्रीचा शर्ट, कानात कापूस. भावजय समोर बसलेली पाहून तो दारातच थबकला, मग चपला काढून आत आला. काकांनी त्याच्यासमोर त्याचंच निवेदन ठेवलं.

"सही तुझी?"

"माझी."

"अविवाहित लिहिलंस."

"एजंटानं सांगितलं तसं लिहिलं."

"एजंटाचं लग्न विचारत नाही मी."

दत्ताराम खाली बघत म्हणाला, "ही वीस वर्षं गावाला. त्याचं दुखणं मी काढलं. हॉस्पिटलात मी, स्मशानात मी. खोली माझी, तो माझ्याकडे राहायचा. मला कोण आहे? चाळ पाडणार म्हणतात. मी कुठे जायचं?" हे तो काकांना सांगत होता. मावशींकडे त्यानं पाहिलं नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "दुखणा काढलंस. ता मी कधी नाय म्हटला नाय. पण माका नव्हतीच म्हणून लिवलंस."

काकांनी अर्ज मागे घेण्याचा कागद तयार ठेवला होता. तो त्याच्यासमोर अर्धा तास पडून होता. आम्ही दुसऱ्या लोकांची कामं करत होतो. एकदा काकांनी त्याला पाणी दिलं. शेवटी त्यानं पेन मागितलं, सही केली आणि तारीख घालू का असं विचारलं.

जाताना त्यानं शबनममधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. शांतारामचे कागद. लॅमिनेशन मात्र खरंच केलेलं होतं, चारी कोपरे गोल कापून.

मे अखेर चारशे सात अर्ज गेले. एकोणीस माणसं सापडली नाहीत. फोन बंद, पत्ता बदललेला, किंवा माणूसच गेलेला आणि घरच्यांना कागद कुठले तेच माहीत नाही. त्या एकोणीस जणांना घर मिळालं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. सोडतीत नंबर लागणं नशिबाचा भाग. पण त्यांच्या नशिबाची चिठ्ठी डब्यात पडलीच नाही, ती माझ्यामुळे. बाकी कामाचा मला अभिमान आहे. त्यानंतर मी हजारभर तरी रीबिल्ड केले असतील आणि एकही रोजनिशी उघडल्याशिवाय केला नाही. दोन डिस्क म्हणजे सुरक्षा नव्हे, वेगळी प्रत वेगळ्या जागी ठेवा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. बहुतेकांनी ऐकून घेतलं. सावंतकाकांनी अमलात आणलं. ते दर शनिवारी एक प्रत जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून लालबागला घरी न्यायचे, आणि ते गेले तोपर्यंत त्यात खंड पडला नाही.

इंदूमावशींचा नंबर दुसऱ्या सोडतीत लागला. ताबा मिळायला आणखी काही वर्षं गेली. जुन्या गिरणीच्या जागेवरचा टॉवर, अठरावा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. पूजेला मला बोलावणं आलं. मी गेले तर दार दत्तारामनं उघडलं. केस पूर्ण पिकले होते. "या मॅडम," म्हणाला आणि प्रसादाचा द्रोण हातात दिला.

मला वाटलं, पूजेला आला असेल. पण खुंटीला त्याचे शर्ट होते आणि खिडकीत त्याच्या औषधांच्या बाटल्या रांगेत होत्या. मावशी स्वयंपाकघरात एकट्या होत्या तेव्हा मी हळूच विचारलं, हे इथेच राहतात?

"चाळ खाली केल्यानी. भाड्याच्या खोलीत एकटो पडलो होतो," त्या म्हणाल्या. "खंय जातलो तो?"

"तुम्हाला राग नाही येत?"

"येता ना." त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "सकाळी उठान चाय मागता. मी म्हणतंय, तुझ्या भावाचा लगीनच झाला नाय, मगे भावजय खयली आणि चाय कोण करतला?"

"मग?"

"मगे काय. गप उठता आणि करता. माकाय देता."